दाखवायचा एक, गळ्यात मारायचा दुसरा

कॅमेऱ्याच्या ऑनलाइन बाजारातल्या एका गाजलेल्या भांडणाला नोव्हेंबर २०२५ मध्ये वीस वर्षे झाली. सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या आणि थॉमस हॉक या नावाने लिहिणाऱ्या एका छायाचित्रकाराने २००५ मध्ये ब्रुकलिनच्या एका दुकानाकडे कॅननचा ५डी कॅमेरा मागवला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनीने तो ३,२९९ डॉलरला जाहीर केला होता आणि या दुकानाचा भाव त्याहून बराच कमी होता. ऑर्डर गेल्यावर दुकानातून फोन आला. जोडीच्या वस्तूही घ्या, असा आग्रह झाला. त्याने नकार दिला आणि लगेच कॅमेरा शिल्लक नसल्याचे कळले. हे सगळे लिहून काढीन, असे म्हटल्यावर धमक्या ऐकाव्या लागल्या. त्याने ते लिहिले, लाखो लोकांनी वाचले आणि भावांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांना ते दुकान आपल्या यादीतून काढावे लागले. तेव्हा वाटले होते की हा धंदा आता संपला. पण जून २०२५ मध्ये आपल्याकडच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन कंपन्यांना सांगावे लागले की तीन महिन्यांत आपापली संकेतस्थळे तपासा आणि ग्राहकाला फसवणाऱ्या रचना काढून टाका. वीस वर्षांपूर्वी उघडी पडलेली लबाडी अजून इतकी धडधाकट कशी, याचे उत्तर मागे वळून पाहिल्याशिवाय मिळत नाही.

ही युक्ती इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आमिषाच्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे १९६७ मध्येच काढली होती. पुढची वीस-पंचवीस वर्षे छायाचित्रणाच्या मासिकांची मागची पाने न्यूयॉर्कच्या दुकानांच्या बारीक टायपातल्या भावयाद्यांनी भरून जात. टपालाने माल मागवायचा, आठवडे वाट पाहायची, फसलो तर पत्रे लिहायची. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फसवणूक होती, पण तिची गती टपालाची होती. १९६७ च्या त्या तत्त्वांमधले एक मात्र लक्षात ठेवायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. ग्राहकाशी पहिला संपर्कच जर खोटे सांगून साधला असेल, तर नंतर खरी परिस्थिती सांगितली तरी कायद्याचा भंग झालेलाच असतो, असे ते तत्त्व आहे. म्हणजे गुन्हा शेवटच्या बिलात शोधायचा नाही. तो पहिल्या भावात असतो.

खरे थांबण्यासारखे दशक २००३ ते २०१२ चे. २००३ च्या ऑगस्टमध्ये कॅननने ३००डी आणला. त्याची नुसत्या बॉडीची किंमत ८९९ डॉलर होती आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा पहिल्यांदाच हजार डॉलरच्या खाली आला. पुढच्याच वर्षी निकॉनचा डी७० आला. तोवर फिल्म वापरणारे लाखो हौशी लोक एकाच वेळी बाजारात उतरले. त्यांच्यासाठी ही महिन्याच्या पगाराएवढी, कुणासाठी त्याहून मोठी खरेदी होती आणि तिच्यातले तांत्रिक तपशील नवे होते. कोणत्या बॅटरीवर किती फोटो निघतात, किटमधली लेन्स म्हणजे काय, मेमरी कार्ड केवढे लागते, हे विचारायला शेजारीपाजारी कुणी नव्हते. ज्याला माल नेमका माहीत नाही आणि ज्याच्या खिशात मोठी रक्कम आहे, असा ग्राहक लबाड विक्रेत्याला आणखी कुठे मिळणार?

फसवणुकीची रीत बघण्यासारखी आहे, कारण तिच्यातली प्रत्येक पायरी विचारपूर्वक रचलेली होती. जाहिरातीतला भाव इतरांपेक्षा शेकडो डॉलरनी कमी असे. ऑर्डर दिली की ईमेल येई: पत्ता पडताळायचा आहे, कृपया फोन करा. फोनवरचा माणूस आधी अभिनंदन करी आणि मग एकेक सुटा भाग काढून दाखवू लागे. तुम्ही मागवलेली परदेशी आवृत्ती आहे, अमेरिकेतली हवी असेल तर जास्त पैसे पडतील. सोबतची बॅटरी तासभरच चालते, जास्त टिकणारी घ्या. चार्जर वेगळा घ्यावा लागेल. लेन्स प्लॅस्टिकची आहे, काचेची हवी का? प्रत्यक्षात कॅनन ५डीच्या खोक्यात कंपनी स्वतःच बॅटरी आणि चार्जर घालून देत असे. म्हणजे एकतर खोके फोडून त्यातल्याच वस्तू ग्राहकाला परत विकल्या जात, नाहीतर त्या खोक्यात नाहीतच असे धडधडीत खोटे सांगितले जाई. ग्राहकाने होकार दिला की एकूण रक्कम प्रामाणिक दुकानाच्या भावापलीकडे जाई. त्याने नकार दिला की माल संपलेला असे, सहा आठवडे थांबावे लागे किंवा ऑर्डरच रद्द होई. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर दाखवायचा एक आणि गळ्यात मारायचा दुसरा. जाहिरातीतल्या भावाला तो कॅमेरा विकायचा विचार दुकानाने कधी केलेलाच नसे.

यात दोष कुणाचा, हा प्रश्न तेव्हा चुकीच्या जागी विचारला गेला आणि त्याबद्दल मला आजही राग आहे. सगळे लक्ष ब्रुकलिनच्या दुकानांवर होते. काही चिकाटीच्या लोकांनी त्या दुकानांच्या पत्त्यांवर जाऊन फोटो काढले, तेव्हा झगझगीत संकेतस्थळांमागे गोदामाची बंद शटरे आणि पाटी नसलेली दारे निघाली. एकाच जागेतून निरनिराळ्या नावांनी धंदा चाले आणि एक नाव बदनाम झाले की दुसरे पुढे येई. हे सगळे खरे आहे. पण त्या अंधाऱ्या दारापर्यंत ग्राहकाला कुणी नेले? भावांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांनी. त्यांचे उत्पन्न क्लिकवर होते. ग्राहकाने दुकानाच्या नावावर बोट ठेवले की दुकान त्यांना पैसे देई, मग माल मिळो वा न मिळो. वरून यादी भावानुसार लावता येई, आणि जो सर्वात मोठे खोटे बोलेल तो आपोआप सर्वात वर बसे. खरा भाव लिहिणारे दुकान तिसऱ्या पानावर जाई. प्रामाणिकपणाला दंड आणि लबाडीला पहिला क्रमांक देणारी ही रचना होती. एक दुकान काढले तरी ती रचना तशीच राहिली, म्हणूनच २००५ चा विजय टिकला नाही. पुढे न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने अशा विक्रेत्यांवर खटले भरले. यादी लावणारे मात्र नामानिराळे राहिले.

यावर ठरलेला आक्षेप असा की ग्राहकाला स्वस्ताचा मोह सुटला, मग भोगावे लागणारच. हा आक्षेप मला मान्य नाही. दहा दुकानांत चौकशी करून स्वस्त तिथे घेणे याला आपण हाव म्हणत नाही, व्यवहार म्हणतो. भाजी मंडईत तेच करतो, सोने घेतानाही तेच करतो. शिवाय कमी भाव प्रत्येक वेळी खोटा नसतो. मोठे दुकान जास्त माल उचलते आणि थोड्या नफ्यावर विकते. बाहेरून पाहणाऱ्याला खरा कमी भाव आणि आमिषाचा भाव सारखाच दिसतो. फरक कळतो तो ऑर्डर दिल्यावर, आणि तोवर कार्डाचा क्रमांक समोरच्याकडे गेलेला असतो. जो फरक आधी ओळखताच येत नाही, तो न ओळखल्याबद्दल ग्राहकाला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अधिकृत वितरकाला टाळून आलेला माल खरोखर स्वस्त असतो आणि तो घेण्यात गैर काय? गैर काहीच नाही, फक्त ते आधी सांगितले पाहिजे. निकॉनची भारतातली कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली. त्याआधी मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून आलेला कॅमेरा हा मराठी घरांतला नेहमीचा मार्ग होता. घेणाऱ्याला वॉरंटी नाही हे ठाऊक असे आणि भाव त्या हिशेबाने ठरे. तो उघड सौदा होता. आजच्या लबाडीत हीच माहिती शेवटपर्यंत झाकून ठेवली जाते. जाहिरातीतल्या भावाला विचारणा केली की व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर येते: हा भाव बिलाशिवाय आहे, बिल हवे तर जीएसटी वेगळा. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे साठ हजारांच्या भावावर १०,८०० रुपयांचा फरक एका वाक्यात पडतो. त्याच दमात कंपनीच्या वॉरंटीची दुकानाची वॉरंटी होते. ब्रुकलिनचा फोन आणि हा निरोप यांत भाषेपलीकडे काही वेगळे नाही.

त्या दशकातले काही हरवले याची मात्र खंत वाटते. २०१० मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये ते सुमारे ७७ लाखांवर आले. मोबाइलने छोटा कॅमेरा गिळला आणि त्याबरोबर एकमेकांना सावध करणारा खरेदीदारांचा जागरूक समाजही विरळ झाला. डीपीरिव्ह्यू या कॅमेऱ्यांची परीक्षणे देणाऱ्या नावाजलेल्या संकेतस्थळाच्या मालकांनी मार्च २०२३ मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली. नंतर नवा मालक मिळाला म्हणून ते वाचले, पण त्या काही आठवड्यांत वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव एका निर्णयाने पुसला जाऊ शकतो हे दिसले. आणि नेमक्या याच काळात टंचाई परतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय मागणीच्या मानाने इतका कमी मिळाला की लोक महिनोन्‌महिने रांगेत राहिले. टंचाई असली की आमिषाला जोर येतो. सावध करणारे कमी झाले आणि भुलवणारे वाढले, अशी आजची स्थिती आहे.

आता कायदा आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे, आणि चांगला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या रचनांचे १३ प्रकार नोंदवले आणि आमिष दाखवून माल बदलणे हा त्यांतला एक. स्वस्तात वस्तू दाखवायची, पैसे भरायच्या वेळी ती संपली म्हणायचे आणि तशीच दिसणारी महाग वस्तू पुढे करायची, असे उदाहरणच तिथे दिले आहे. टप्प्याटप्प्याने किंमत वाढवणे आणि न विचारता टोपलीत वस्तू घालणे हेही त्याच यादीत आहे. पण कंपनीने स्वतःच स्वतःला तपासून निर्दोष ठरवावे, ही पद्धत मला पुरेशी वाटत नाही. २००५ मध्येही यादी लावणाऱ्यांवर आपण असाच विश्वास टाकला होता. शोधयादीत ज्याला वर बसवण्याचे पैसे घेतले, त्याच्या पहिल्या भावाची जबाबदारीही घ्यावी, हा नियम झाल्याशिवाय नावे बदलत राहतील आणि खेळ तोच चालेल.

तोवर वाचकाने एवढे करावे. विक्रेत्याचे पूर्ण नाव व पत्ता, आणि आयात मालावर आयातदाराचे नाव व कमाल किरकोळ किंमत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खोक्यात काय काय येते ते उत्पादकाच्या संकेतस्थळावर वाचून ठेवावे. भाव ठरल्यावर जो विक्रेता बॅटरी, चार्जर, बिल किंवा वॉरंटी वेगळी काढतो, त्याची ऑर्डर त्याच क्षणी रद्द करावी आणि संभाषणाची नोंद जपून ठेवावी. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नक्की करावी, पैसे गेले नसले तरी करावी. कारण पहिला भाव खोटा होता, एवढाच गुन्हा पुरेसा आहे.