गाडीतच मुक्काम : हिंगणघाट ते कन्याकुमारी

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ बुटीबोरी मागे टाकून वर्धा जिल्ह्यात शिरतो. जाम चौकात चंद्रपूरचा फाटा सुटतो आणि रस्ता हिंगणघाट, वडनेर करत यवतमाळ जिल्ह्यात जातो. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले, तरी जुनी माणसे त्याला अजून सात नंबरच म्हणतात. हिंगणघाटच्या एखाद्या जोडप्याने गाडी दक्षिणेला वळवली, तर पांढरकवडा ओलांडून पैनगंगेच्या पुलावर महाराष्ट्र संपतो. पुढे तेलंगण, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडू. आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, बंगळुरू, सेलम, मदुराई या वाटेने कन्याकुमारी साधारण सतराशे किलोमीटरवर येते, आणि हमरस्ता तोच राहतो.

असा प्रवास हॉटेलांचे आरक्षण न करता, गाडीतच झोपून आणि वाटेत रांधून करणारी जोडपी आता दिसू लागली आहेत. ही कल्पना विदर्भाला नवी वाटू नये. गिरडच्या किंवा केळझरच्या यात्रेला बैलबंडीने निघालेली कुटुंबे बंडीखालीच सतरंजी टाकत आणि तीन दगडांची चूल मांडत. फरक एवढाच की त्या वाटेवर ओळखीची गावे होती; इथे राज्य बदलते, भाषाही बदलते.

तयारीत सगळा वेळ सामानावर जातो, आणि तो बहुधा चुकीच्या ठिकाणी जातो. छतावरचा तंबू, घडीची टेबले, रंगीत दिवे यांपेक्षा मागची सीट पाडल्यावर सपाट जागा किती उरते, हे आधी टेपने मोजावे. सहा फुटी माणूस लहान गाडीत तिरपाच झोपतो, आणि दुसऱ्या रात्रीच कंबर बोलू लागते. खाचा गोधड्यांनी भरून वर गादी टाकली की पलंग झाला. स्टेपनीत हवा, जॅक, पाण्याची कॅन, टॉर्च आणि खिडक्यांना बसणारी मच्छरदाणीची जाळी, एवढे असले की बाकीचे नसले तरी चालते.

खरा प्रश्न असतो रात्री गाडी लावायची कुठे, हा. परदेशी चित्रफितींतली तळ्याकाठची एकटी गाडी इथे फसवी आहे. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे किंवा आग पेटवणे १९२७च्या वन कायद्याने गुन्हा ठरतो. बोर किंवा पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास तर हा विचारही मनात आणू नये. मोकळे शेत कुणाचे तरी असतेच. शिवाय वर्धा जिल्ह्यातली काळी माती एका सरीत चाक गिळते, मग ट्रॅक्टर शोधत फिरावे लागते. म्हणून भारतात गाडीतल्या मुक्कामाची उत्तम जागा म्हणजे रात्रभर चालू असलेला मोठा पेट्रोल पंप किंवा ट्रकवाल्यांचा धाबा. तिथे उजेड असतो, माणसे जागी असतात, आणि पंपावर पिण्याचे पाणी, हवा व स्वच्छतागृह विनामूल्य मिळणे अपेक्षित असते. जेवण तिथेच घ्यावे, मालकाला किंवा मॅनेजरला विचारून गाडी लावावी. न विचारता लावलेल्या गाडीवर मध्यरात्री काठीची टकटक होते, आणि तीत टकटक करणाऱ्याची चूक नसते.

परक्यांच्या भरवशावरचा मुक्काम या वाटेला नवा नाही. १९५१च्या मार्चमध्ये विनोबा भावे याच दिशेने हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी गेले होते. पुढे तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. रोज नवे गाव, नवा मुक्काम, आणि तो सारा गावकऱ्यांच्या भरवशावर. गाडीवाल्या जोडप्याचा भरवसा पंपावरच्या रखवालदारावर असतो, इतकेच.

झोपताना एक नियम कधीही मोडू नये : एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपायचे नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि वासहीन असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, त्यामुळे झोपलेला माणूस गुदमरतोय हे त्याला स्वतःलाच कळत नाही. शेगडी किंवा गॅसही गाडीच्या आत पेटवू नये. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटे उघड्या ठेवून जाळी लावली की हवाही खेळते आणि काचांवर दवही साचत नाही. वैदर्भीय उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना हा उपायही अपुरा पडतो. म्हणून हा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच बरा.

दोघांकडेही परवाना असावा, म्हणजे चाक वाटून घेता येते. मात्र एकाने रात्रभर चालवावे आणि दुसऱ्याने झोपावे, ही वाटणी धोक्याची आहे. पहाटेची डुलकी अनुभवी चालकालाही सोडत नाही. दिवसाला तीन-चारशे किलोमीटर करून अंधार पडण्याआधी थांबलेले बरे.

टोलसाठी फास्टॅग २०२१पासून सक्तीचा आहे. खासगी मोटारींचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ला सुरू झाला, तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती. वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर तो चालतो. वर्धा जिल्ह्यातूनच जाणारा समृद्धी महामार्ग मात्र राज्याचा, तिथे हा पास चालत नाही. नोंदणी, विमा, पीयूसी ही कागदपत्रे मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये ठेवली तरी पुरतात; नुसता फोटो चालत नाही. वर्ध्याच्या एमएच ३२ पाटीची गाडी परराज्यात सलग बारा महिन्यांहून अधिक राहणार नसेल, तर तिथे नव्या नोंदणीची गरज नाही.

परतताना डिकीत काय आहे ते जिल्ह्याच्या हद्दीआधी पाहून घ्यावे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि परराज्यातून कौतुकाने आणलेली बाटली इथे गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकते.