बंदीच्या जिल्ह्यात दारू सोडताना

वर्धा जिल्ह्यात 1970च्या दशकापासून दारूबंदी आहे. पण वर्धा नदी ओलांडली की अमरावती, यवतमाळची दुकाने उघडीच. शिवाय मोहाची चोरटी दारू आहेच. नुसत्या बंदीने व्यसन सुटत नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एकदम, घरच्या घरी दारू सोडणे धोक्याचे. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते; काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी भास, बडबड सुरू झाली तर ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी भगत नको, रुग्णालय गाठा. डॉक्टरांच्या देखरेखीत औषधे आणि थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) देऊन हे दिवस सुखरूप निघतात. पुढे टिकायला सोबत लागते: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना शुल्क नसते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन: 14446, निःशुल्क.