पेट्रोलमधले इथेनॉल आणि टाकीतला गंज

पावसाळा संपत आला की गॅरेजवाल्या मंडळींकडून एकच तक्रार आमच्या कानावर येते. गिऱ्हाइकाची मोटारसायकल महिना-दीड महिना उभी असते. चालू करायला गेले तर होत नाही. मिस्त्री कार्बोरेटर उघडतो तेव्हा वाटीत पांढरी भुकटी साचलेली दिसते, पितळी जेटवर हिरवट थर आलेला असतो आणि टाकीच्या तळाला लाल पाणी असते. आणि गिऱ्हाईक सरळ म्हणते, "मागच्या वेळी तूच उघडला होतास, तूच काहीतरी बिघडवलेस." मजुरी बाजूलाच राहते, वर नावाला बट्टा लागतो.

आमचे बरेच वाचक गॅरेज, स्पेअर पार्ट, टाकी-रेडिएटरचे काम, फॅब्रिकेशन आणि भंगार या धंद्यांत आहेत. या दुखण्याचे मूळ काय ते कळले, तर गिऱ्हाइकाला उत्तर देता येईल आणि कामही नीट करता येईल. म्हणून हा विषय आम्ही थोडा खोलात जाऊन मांडत आहोत.

पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे मळी, उसाचा रस, मका, तांदूळ यांपासून काढलेले मद्यार्क, मिसळण्याचे काम नवे नाही. २००१ साली प्रयोगासाठी जी तीन ठिकाणे निवडली गेली, त्यांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन आपल्याच राज्यातली. २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. त्यानंतर बरीच वर्षे गाडी रडतखडत चालली. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला. पुढचा वेग मात्र मोठा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर २० टक्क्यांचे पेट्रोल आले आणि २०२५ मध्ये देशाची सरासरी २० टक्क्यांवर पोहोचली. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग हे मिश्रण सोसतील असे करण्यात आले. प्रश्न आहे तो त्याआधीच्या गाड्यांचा, आणि आपल्या गॅरेजांत येतात त्या बहुतेक त्याच.

आता धातूचे काय होते ते पाहू. पेट्रोल आणि पाणी यांचे जमत नाही. पाण्याचा थेंब टाकीत गेला तर तो तळाला जाऊन बसतो. इथेनॉलचे उलट आहे. ते पाण्याला जवळ ओढते, हवेतला दमटपणासुद्धा शोषून घेते. थोडे पाणी असेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळून राहते आणि इंजिनात जळूनही जाते. पण हद्द ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली उतरते. १० टक्क्यांच्या मिश्रणात ही हद्द साधारण अर्ध्या टक्क्याची, म्हणजे दहा लिटरला ५० मिलिलिटर पाणी. २० टक्क्यांच्या मिश्रणात ती बरीच पुढे जाते, म्हणून २० टक्क्यांचे पेट्रोल या एका बाबतीत अधिक सोशिक आहे. मात्र एकदा फुटले की खाली बसणारा थरही तेवढाच मोठा असतो. नेमका तो थर तळाच्या पत्र्याला लागून राहतो आणि तिथूनच गंज धरतो. टाकी वरून चकचकीत असते आणि तळाला सुईएवढी भोके पडलेली असतात, ती यामुळे.

दुसरे कारण विजेचे. शुद्ध पेट्रोलमधून वीज जवळजवळ वाहत नाही. इथेनॉल, त्यात पाणी आणि पाण्यातले क्षार आले की ती वाहू लागते. मग एकमेकांना टेकलेले दोन वेगळे धातू बॅटरीच्या सेलसारखे वागतात. कार्बोरेटरचा सांगाडा जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, जेट पितळी. या जोडीत पितळ वाचते आणि जस्त झिजते. ती पांढरी भुकटी म्हणजे झिजलेले जस्त आणि ॲल्युमिनियम. पितळही अगदीच सुटत नाही. त्यातले तांबे थोडेसे उतरते आणि पेट्रोलमध्ये डिंकासारखा चिकटा बनण्यास मदत करते. जेट बंद होण्याचे तेही एक कारण असते.

तिसरे कारण आंबटपणाचे. इथेनॉल फार दिवस हवेशी लागून राहिले की त्यातून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे सिरक्यातले आम्ल तयार होते. प्रमाण थोडे असते, पण महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या गाडीत तेवढे पुरते.

जुन्या टाक्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई करतात. तशीच जुन्या काळी गाड्यांच्या टाक्यांच्या पत्र्याला कल्हई असे, पण ती कथलात शिसे मिसळून केलेली. साध्या पेट्रोलला ही कल्हई वर्षानुवर्षे पुरली. इथेनॉलसमोर, विशेषतः त्यात पाणी आणि आंबटपणा असेल तर, शिसे टिकत नाही. ते हळूहळू उतरते, पत्रा उघडा पडतो आणि सुटलेली घाण फिल्टरमध्ये येते. शिवाय इथेनॉल जुना चिकटा आणि सैल गंज सोडवते. त्यामुळे जुन्या गाडीत प्रथमच जास्त इथेनॉलचे पेट्रोल गेले की पहिल्या काही टाक्यांत फिल्टर तुंबतो. हा बिघाड मिस्त्रीचा नव्हे. वीस वर्षांची घाण एकदम सुटल्याचा तो परिणाम आहे.

हे सारे ब्राझील देशाने आपल्याआधी भोगले आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर त्या देशाने १९७५ मध्ये उसाच्या मद्यार्काची मोठी योजना हाती घेतली आणि १९७९ साली फक्त मद्यार्कावर चालणारी फियाट १४७ ही मोटार तिथे बाजारात आली. ते मद्यार्क थोडे पाणी असलेले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांना गंजाने सतावले. त्यावर उपाय म्हणून कारखानदारांनी कार्बोरेटरवर निकेलचा मुलामा दिला, टाक्यांना कथलाचा थर दिला, नळ्या बदलल्या. मद्यार्क तसेच राहिले, बदलला तो धातू.

आपल्याकडे याविषयी वाद झाला आणि तो अजून शमलेला नाही. पेट्रोलियम मंत्रालयाचे ऑगस्ट २०२५ मधले म्हणणे असे, की गाड्यांना लक्षणीय नुकसान होत नाही. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील व तो खर्च मोठा नाही. याविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. आमचे मत विचाराल तर रोज चालणाऱ्या गाडीबाबत मंत्रालयाचे म्हणणे पुष्कळसे पटते. पण आमच्या गल्लीबोळांतल्या गाड्या रोज चालत नाहीत. कोणी परदेशी नोकरीवर असतो आणि त्याची गाडी अंगणात वर्षभर ताडपत्रीखाली असते. चौकशीत अशा गाडीचा हिशेब कोणी धरत नाही. मायलेजबद्दलही गिऱ्हाईक मिस्त्रीलाच बोलते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीला २० टक्क्यांच्या पेट्रोलवर ६ ते ७ टक्के आणि तशा दुचाकीला ३ ते ४ टक्के घट येईल असे म्हटले आहे. हा आकडा गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

आता कामाचे. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी. रिकाम्या जागेत दमट हवा भरते आणि रात्री तिचेच पाणी होते. कार्बोरेटर असेल तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. टाकीचे झाकण आणि त्याचे रबर शाबूत आहे का ते पाहावे. पावसाचे पाणी बहुतेक वेळा तिथूनच जाते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे कोणालाही पाहता येते. खुणा असलेली काचेची उभी नळी घ्यावी. तीत ८० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी घालून बूच लावावे, हलवावे आणि दहा मिनिटे ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. तो ३६ च्या आसपास आला तर इथेनॉल २० टक्क्यांच्या जवळपास समजावे. हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करावे.

टाकी धुण्यासाठी पुष्कळ जण मिठाचे तेजाब वापरतात. गंज त्याने झटपट जातो, पण आत राहिलेला क्षार पुढे गंजाचे बीज ठरतो. फॉस्फोरिक ॲसिड बरे. कोणतेही आम्ल वापरले तरी नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून, टाकी लगेच कडकडीत सुकवावी. कार्बोरेटर मात्र आम्लात किंवा कॉस्टिक सोड्यात कधीही बुडवू नये. दोन्ही जस्त आणि ॲल्युमिनियम खातात. टाकीत आतून लेप द्यायचा असेल तर तो इथेनॉलला टिकतो असे डब्यावर लिहिलेले पाहूनच घ्यावा. काही जुने लेप इथेनॉलमध्ये मऊ पडून सोलतात आणि मग काम आधीपेक्षा वाईट होते. टाकीला झाळकाम करणाऱ्या बंधूंना हे सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो, की रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. धुऊन, वाफ देऊन, झाळायच्या जागेच्या खालपर्यंत पाणी भरूनच बत्ती लावावी. इथेनॉलची ज्योत फिकी असते, उन्हात तर दिसतही नाही.

स्पेअर पार्टच्या दुकानदारांसाठी एक गोष्ट. पेट्रोलच्या काळ्या नळ्या बाजारात सगळ्या सारख्याच दिसतात. साध्या रबराची इथेनॉलमध्ये फुगते, मऊ होते, सुकली की तडकते. फ्लोरोकार्बन रबर, ज्याला बाजारात व्हिटॉन म्हणतात, ते टिकते पण महाग असते. नवा माल घेताना नळीचा बोटभर तुकडा पंपावरच्या पेट्रोलमध्ये आठ दिवस झाकून ठेवावा आणि कोऱ्या तुकड्याशेजारी ठेवून मोजावा. फुगला असेल तर तो माल परत करावा. गिऱ्हाइकाला दोन्ही तुकडे दाखवले की महाग नळीचे दाम तो का-कू न करता देतो.

गोबर गॅसच्या कामात धातूचा वैरी वेगळा. त्यात हायड्रोजन सल्फाइड असते, सडक्या अंड्याच्या वासाचे. ओलाव्याबरोबर ते लोखंड खाते आणि पितळी कॉक, बर्नर काळे पाडते. खादी ग्रामोद्योग पद्धतीच्या प्लँटवर तरंगणारा लोखंडी घुमट म्हणूनच दरवर्षी रंगवावा लागतो. पुढे फायबरचे घुमट आले ते याच कारणाने. गॅसच्या वाटेत गंजलेल्या लोखंडी किसाची पेटी बसवली तर हे सल्फाइड तिथेच अडते. लेथवाल्यांकडचा टाकाऊ कीस याला चालतो. मात्र वापरलेला कीस बाहेर काढून एकदम ढीग करू नये. हवा लागताच तो तापतो आणि पेटूही शकतो. पातळ पसरून, ओला करून ठेवावा.

सौर कामे घेणाऱ्या फॅब्रिकेटर मंडळींनी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गॅल्व्हनाइज पत्रा किंवा अँगल वेल्ड केला की त्या जागेचे जस्त जळते. तिथे जस्ताचा रंग दिला नाही तर कोकणच्या खाऱ्या हवेत पहिल्याच पावसात लाल ओघळ दिसतो. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची असते. तिला अर्थिंगची तांब्याची तार सरळ बोल्टने आवळू नये. मध्ये कथलाचा मुलामा दिलेला लग आणि स्टेनलेसचा बोल्ट वापरावा. पाणी तापवण्याच्या यंत्रणेत तर तांब्याच्या नळीनंतर जस्ताची नळी जोडणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे. शिवाय पाणी ६० अंशांच्या वर गेले की काही पाण्यांत जस्त लोखंडाला वाचवण्याचे काम सोडून देते. बोअरच्या पाण्यावर टाकी बसवली असेल तर आतला मॅग्नेशियमचा दांडा वर्षातून एकदा काढून पाहावा, आणि तो अर्ध्याहून कमी उरला असेल तर त्याच वेळी बदलून टाकावा.