चांद्याचा परकोट

दिवाळीच्या सुटीत कोठे जावे, असा प्रश्न निघाला की दूरदूरच्या स्थळांची नावे आपल्या ओठांवर येतात. वडसा-देसाईगंज परिसरातील मुलांना मात्र फार दूर जाण्याचे कारण नाही. वडशाच्या स्थानकावर दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल ही गावे मागे पडतात, दोन्ही बाजूंना अरण्य दिसू लागते आणि शेवटी गाडी ज्या स्थानकावर येते, त्याचे नावच ‘चांदा फोर्ट’ असे आहे. चांदा हे चंद्रपूरचे जुने नाव आणि फोर्ट म्हणजे किल्ला. महाराष्ट्रातील पुष्कळ किल्ले डोंगरमाथ्यावर आहेत. चांद्याचा किल्ला सपाट भूमीवर असून त्याने एक संपूर्ण नगर आपल्या पोटाशी धरले आहे. नगराला वेढणाऱ्या अशा तटबंदीला परकोट म्हणतात.

हा परकोट गोंड राजांनी बांधला. त्यांची राजधानी प्रथम सिरपूर येथे व नंतर वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर येथे होती. आरमोरीजवळचा वैरागडचा किल्लाही त्यांच्याच राज्यात होता. पंधराव्या शतकाच्या सुमारास खांडक्या बल्लाळशहा या राजाने चांदा नगराचा पाया घातला, असे मानले जाते. त्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे.

राजाच्या अंगावर फोड उठले होते. शिकारीला गेला असता त्याला तहान लागली, म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका लहानशा झऱ्याचे पाणी तो प्याला व त्याच पाण्याने त्याने हातपाय धुतले. त्या पाण्याने त्याची व्याधी दूर झाली. त्याच परिसरात पुढे त्याला एक नवल दिसले. कपाळावर पांढरा चांद असलेला एक ससा चक्क कुत्र्याच्या पाठीस लागला होता! ससा ज्या वर्तुळाकार वाटेने धावला, त्या वाटेवर तट उभारावा, असा सल्ला सुज्ञ राणीने राजाला दिला.

ही कथा गोड आहे. पण आख्यायिका आणि इतिहास यांतील भेद आपण ओळखला पाहिजे. ससा कुत्र्यामागे धावला की नाही, हे कोण सांगणार? कथेतील पाणी मात्र खरे आहे. नगराच्या पूर्वेस झरपट व पश्चिमेस इरई अशा दोन नद्या वाहतात आणि नगराच्या दक्षिणेस त्यांचा संगम होतो. पिण्यास पाणी आणि दोन बाजूंना नद्यांचा अडसर, अशी जागा राजधानीसाठी कोणीही जाणता राजा निवडील. पुढे परकोटाच्या आत रामाळा तलावही झाला.

परकोटाचा घेर सुमारे ११ किलोमीटर आहे. एवढे काम एका राजाच्या हयातीत पुरे होणे शक्य नव्हते. बल्लाळशहाने आरंभिलेले काम पुढील राजांनी चालू ठेवले व धुंड्या रामशहाच्या काळी ते पूर्ण झाले. पाया खणणाऱ्या गवंड्याने शेवटचा बुरूज पाहिला नाही, आणि शेवटचा बुरूज बांधणाऱ्याला पाया खणणाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते!

परकोटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. यांखेरीज पाच लहान वाटा असून त्यांना खिडक्या म्हणतात. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशी त्यांची नावे आहेत. दरवाजावर मान उंच करून पाहा. हत्तीला पायाखाली घेणारा सिंह दगडात कोरलेला दिसेल. ते गोंड राजांचे राजचिन्ह होय.

चंद्रपुरात महाकालीचे व अंचलेश्वराचे मंदिर आहे. अंचलेश्वराजवळ राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्यांतील वीरशहाची भव्य समाधी त्याची राणी हिराई हिने बांधविली. जुन्या राजवाड्याच्या जागी पुढे कारागृह झाले. इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तेथेच फाशी देण्यात आले.

इ. स. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्स याने नगरास वेढा घातला. किल्लेदार गंगासिंग याच्या लोकांनी शर्थ केली. परंतु तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि २० मे रोजी नगर पडले. भाला-तलवारीच्या काळातील भिंत तोफेपुढे टिकली नाही.

त्यानंतर परकोटावर एक निराळाच शत्रू चालून आला. त्याला ना तोफ होती, ना सैन्य! पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी दगडांच्या सांध्यात पडते. पावसाळ्यात ते रुजते, मुळे चुन्यात शिरतात, वर्षानुवर्षे जाड होतात आणि मणामणाचे दगड बाजूला सारतात. त्यात माणसांनी टाकलेल्या कचऱ्याची भर पडली. झाडाझुडपांखाली बुरूज दिसेनासे झाले. तेव्हा इ. स. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी हाती कुदळ-फावडी घेतली. शेकडो दिवस श्रमदान करून त्यांनी परकोट मोकळा केला. हे कोणत्याही राजाच्या आज्ञेने झाले नाही. नगरवासीयांनी ते आपण होऊन केले.

म्हणून चंद्रपुरास जाल तेव्हा केवळ दरवाजाखालून जाऊन परत येऊ नका. चंद्रपूरचा उन्हाळा अतिशय कडक. यास्तव हिवाळ्यातील सकाळ निवडावी आणि वडीलधाऱ्यांसह परकोटाच्या कडेने पायी चालावे. दगडांवर आपले नाव कोरू नये. ज्यांनी ते दगड घडविले, त्यांतील एकानेही आपले नाव तेथे कोरून ठेवलेले दिसत नाही. या भिंतीने अनेक शतके नगराची राखण केली. आता तिची राखण करण्याची पाळी आपली आहे.