नवख्याचं पान आणि मुरलेल्याचं पान : पेंटबॉलची मासिकं वाचायची कशी?

आज आपण पेंटबॉल या खेळाच्या मासिकांबद्दल बोलणार आहोत. प्रश्न एकच घेऊ. पहिल्यांदा मैदानात उतरणारा आणि दहा वर्षं खेळलेला, असे दोघंही एकच अंक विकत घेतात. मग तो दोघांच्या कामाचा कसा होतो?

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. जून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जण हा खेळ पहिल्यांदा खेळले. त्यांच्या हातात होतं रंगाची गोळी मारणारं पिस्तूल. ते मुळात झाडांवर आणि गुरांवर खूण करण्यासाठी बनवलेलं. स्वतःला रंग लागू न देता झेंडे गोळा करायचे, असा डाव होता. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, आणि त्याने एकही गोळी झाडली नव्हती!

पुढे खेळ वाढला, तशी मासिकं निघाली. अमेरिकेत 'ॲक्शन परस्यूट गेम्स', ब्रिटनमध्ये 'पेंटबॉल गेम्स इंटरनॅशनल'. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. मैदान कुठे आहे, सामान कुठे मिळतं, हे समजायला मासिक हाच मोठा आधार होता.

आता बघा, नवख्याला सगळ्यात आधी लागते ती खेळाची भाषा. खेळाडू बंदूक म्हणत नाहीत, 'मार्कर' म्हणतात. गोळ्या भरायचं वरचं भांडं म्हणजे 'हॉपर'. झाडाझुडपांत खेळतात तो 'वुड्सबॉल', आणि हवा भरलेल्या आडोशांच्या छोट्या मैदानावरचा वेगवान खेळ म्हणजे 'स्पीडबॉल'. हे शब्द कळले की मैदानावर बावचळायला होत नाही. त्यानंतर येतात नियम. मास्क काढायचा नाही. खेळ थांबला की मार्करच्या नळीवर कव्हर चढवायचं. आणि गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या, वर जाऊ द्यायचा नाही. बऱ्याच मैदानांवर ही मर्यादा याहून कमी असते.

मुरलेल्या खेळाडूला हे पाठ असतं. त्याला हवं असतं 'असं का होतं' याचं उत्तर. उदाहरणार्थ, भराभर गोळ्या झाडल्या की मार्कर मंदावतो का? टाकीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. त्याचा वायू होताना टाकी गार पडते, दाब उतरतो आणि वेगही उतरतो. म्हणून पुष्कळ जण दाबाखालची साधी हवा वापरायला लागले. तसंच गोळीचं. तिचं कवच जिलेटिनचं असतं, दमट हवेत ते फुगतं. मग नेहमीच्या नळीत गोळी घट्ट बसते, कधी आतच फुटते. असं कारण समजावून सांगणारा लेख वाचला, की खेळाडू नवा मार्कर घेण्याऐवजी नळी बदलून बघतो. पैसे वाचतात.

आता तुम्ही म्हणाल, मग नव्या मार्करची परीक्षणं कशाला छापतात? इथे जरा सावध राहायला हवं. खेळाचं मासिक जाहिरातींवर बरंच अवलंबून असतं, आणि परीक्षणाला येणारं सामानही बहुतेकदा जाहिरातदाराच्याच धंद्यातलं असतं. म्हणून परीक्षण वाचताना आपण चार गोष्टी शोधायच्या. किती गोळ्या झाडून बघितल्या? हवा कशी होती? काय बिघडलं? सुटे भाग मिळतात का? या चारांची उत्तरं नसतील, तर ते परीक्षण जाहिरातीसारखंच वाचायचं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सुरक्षिततेचं पान नवख्यांसाठी असतं, असं मुरलेला खेळाडू धरून चालतो आणि ते उलटून पुढे जातो. खरं तर त्या पानाची गरज त्यालाही तेवढीच असते. नवखा घाबरलेला असतो, पंचही त्याच्यावर लक्ष ठेवून असतो. जुन्याला मात्र सवय झालेली असते. काचेवर वाफ धरते, रंग उडतो, आणि 'एकच सेकंद' म्हणून मास्क वर जातो. पेंटबॉलमुळे झालेल्या डोळ्यांच्या गंभीर इजांबद्दल नेत्रतज्ज्ञांनी जे लिहून ठेवलंय, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गोळी लागली तेव्हा डोळ्यांवर मास्क नव्हता. गोळी जेमतेम १७ मिलिमीटरची असते, पण त्या वेगाने ती डोळ्यावर आदळली तर दृष्टी जाऊ शकते.

चांगलं मासिक इथे नुसतं 'मास्क काढू नका' म्हणून थांबत नाही. वाफ का धरते, दुहेरी काचेने ती कमी कशी होते, ओरखडे पडलेली काच का बदलायची, हे ते सांगतं. काहीच दिसेनासं झालं तर पंचाला हाक मारायची, मास्कसकट मैदानाबाहेर यायचं आणि सुरक्षित जागेतच तो पुसायचा, हेही सांगतं. कारण कळलं की नियम जाच वाटत नाही.

याच्या उलटही घडतं. टाकीतल्या दाबाचा लेख जुन्यांसाठी लिहिलेला असतो. पण सकाळी वेग मोजलेला असताना दुपारी पंच पुन्हा का मोजतो, याचं उत्तर नवख्याला त्यातच सापडतं. ऊन वाढलं की टाकी तापते, दाब चढतो आणि गोळीचा वेग मर्यादेपलीकडे जाऊ शकतो.

म्हणून आपण वाचक म्हणून एक सवय लावून घेऊ या. नवखे असू तर अंकातला एक तरी अवघड लेख वाचायचा. जुने असू तर सोपं पान वगळायचं नाही. मासिकाची किंमत त्यातच वसूल होते.

आज इथेच थांबू या.