खडकांनी राखलेले मालवण

दिवाळीची सुट्टी लागली की कोकणचे बेत घरोघरी शिजू लागतात. त्यात मालवणच्या वाट्याला येतो जेमतेम दीड दिवस. सकाळी किल्ला, दुपारी सुरमईचे ताट, संध्याकाळी तारकर्ली, दुसऱ्या दिवशी पाण्याखालचा फोटो आणि गाडी गोव्याच्या रस्त्याला! या धावपळीत मालवण ज्यांच्यामुळे मालवण झाले, ते खडक मात्र नजरेतून निसटतात.

ओहोटीच्या वेळी धक्क्यावर उभे राहून सिंधुदुर्गाकडे पाहा. मधल्या पाण्यात काळे खडक डोके वर काढतात. काही ठिकाणी नुसताच फेस फुटतो. जिथे तोही दिसत नाही, तिथले खडक सर्वांत घातकी. परक्या गलबताने इथे तळ फोडूनच घ्यायचा. सुखरूप वाट ठाऊक ती इथल्या गाबितांना. शिवाजी महाराजांनी कुरटे बेट हेरले ते उगाच नव्हे. किनाऱ्यावर 'मोरयाचा धोंडा' आहे. खडकावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले. येथे पूजा करून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचा पाया घातला गेला, असे सांगतात. धक्क्यापासून फार लांब नाही, तरी शंभरातले पाच पर्यटकही तिकडे वळत नसतील.

होडीने दहा-पंधरा मिनिटांत आपण तटाखाली येतो. तरी दरवाजा काही दिसत नाही! तो बुरुजांच्या वळणाआड असा दडवला आहे की समोरून नुसती भिंतच वाटावी. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. मुलांना हे आधी दाखवावे, तोफा मागाहून. राजाराम महाराजांनी बांधविलेल्या शिवराजेश्वर मंदिरातली महाराजांची बैठी मूर्ती दाढीविना आहे. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे छोट्या घुमट्यांत जपले आहेत. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात, तेव्हा कुणाच्या अंगणातून जाताना आवाज जरा खाली ठेवावा. होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात. सुमारे तीन किलोमीटरचा तट त्यात होणे नाही. निघतानाच त्यांच्याशी बोलून जास्त वेळ मागून घ्यावा.

१७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचे 'फोर्ट ऑगस्टस' असे बारसे केले. ते नाव आज कुणाला आठवतही नाही. उलट १९८१ साली रत्नागिरीतून निघालेल्या नव्या जिल्ह्याने किल्ल्याचेच नाव घेतले, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर सिंधुदुर्गही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

ज्या खडकांनी शत्रूची गलबते अडवली, त्यांच्याच आधाराने पाण्याखाली प्रवाळ वाढले. ते पाहायला आता देशभरातून माणसे येतात. पाठीवर हवेची टाकी बांधून, शिकवणाऱ्याचा हात धरून खाली उतरले की रंगीत माशांचे थवे अंगावरून जातात. पोहता न येणाऱ्यालाही हे सुख मिळते. मात्र प्रवाळ हा दगड नव्हे, जीव आहे. एक पाय चुकून पडला की वर्षानुवर्षांची वाढ मोडते. नांगर पडला तर विचारूच नका. फोटोत मासे जवळ यावेत म्हणून त्यांना पाव चारणेही टाळलेले बरे. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. मासेमारीची जागाच गेली तर खायचे काय, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. त्याच घरांतली कितीतरी मुले आज पर्यटकांच्या होड्या चालवतात. प्रवाळ मोडले तर मासळी जाईल आणि पर्यटकही.

समुद्राचा कंटाळा आलाच, तर धामापूरच्या तलावाकाठी जाऊन बसावे. सोळाव्या शतकातला हा तलाव झाडीत लपलेला आहे. काठाला भगवतीचे देऊळ. देवबागला कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी पायी चालावी. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला संथ पाणी.

कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे, पुढे एसटी आहेच. पावसाळ्यात, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, किल्ल्याच्या होड्या बंद असतात. एरवी एखाद्या पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली, तर नुसते पाहत उभे राहू नये. विचारून दोराला हात लावावा. जाळे काठाला येईपर्यंत खांदे भरून येतात, आणि मग फडफडणाऱ्या बांगड्यांभोवती मुलांना कोंडाळे करून उभे राहू द्यावे.