एक्झेरियन : नाव पुसलेले अवकाशयुद्ध

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचे स्वस्त 'व्हिडिओ गेम' जसे गोव्यात दिसू लागले, तसेच ते बिदर जिल्ह्यातील आमच्या खटकचिंचोळीतही येऊन पोहोचले. मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच पारावर ऐकू येणाऱ्या या गावात त्या डब्याचे मूळ नाव मात्र कोणाला ठाऊक नव्हते. तो होता जपानच्या निन्तेंडो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी बाजारात आणलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राची नक्कल. सोबतच्या कॅसेटवर '9999 खेळ' असे छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच. तेच पुढच्या टप्प्यापासून सुरू करून नव्या नावाने यादीत मोजलेले!

अशा कॅसेटींत वारंवार आढळणारा, तरीही नावानिशी क्वचितच आठवणारा खेळ म्हणजे 'एक्झेरियन'. जॅलेको या जपानी कंपनीने तो 1983 मध्ये नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला आणि 1985 मध्ये फॅमिकॉमवर आणला. नक्कल करणारे अनेकदा निर्मात्याचे नाव पुसून टाकीत. माहितीपुस्तिका तर मिळतच नसे, आणि खरे नुकसान तेथेच झाले.

कारण या खेळाचा आत्मा एका नियमात आहे. विमानाला दोन प्रकारचा मारा करता येतो. जोडगोळीचा मारा संथ, पण अमर्याद. एकेरी मारा अतिशय वेगवान, पण त्याचा साठा मर्यादित. शत्रू पाडले की साठ्यात भर पडते. म्हणजे कंजूषपणे कमवायचे आणि संकटात उधळायचे. हे न उमगलेली मुले वेगवान माऱ्याचे बटण दाबून धरीत, साठा संपला की 'बटण बिघडले' म्हणून रिमोट आपटीत. बिचाऱ्या रिमोटचा त्यात काही दोष नसे.

विमानाला जडत्वही आहे. बटण सोडले तरी ते जागीच थांबत नाही, थोडे घसरत जाते. खालची जमीन जवळ वेगाने आणि क्षितिजाकडे सावकाश सरकते, त्यामुळे सपाट पडद्यावर खोलीचा भास होतो. अवघ्या 2 किलोबाइट कार्यस्मृतीच्या यंत्रावर हे साधले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

अनेक शत्रू एका रांगेत आले की ते लुकलुकत, आणि त्याचे खापर टीव्हीवर किंवा विजेच्या कमी दाबावर फुटे. वास्तविक पडद्याच्या एका आडव्या रेषेत हे यंत्र 8 पेक्षा अधिक हलत्या आकृत्या दाखवूच शकत नाही. नववी आकृती कायमची अदृश्य राहू नये म्हणून खेळ रचणारे त्यांचा क्रम सतत बदलत ठेवीत. प्रत्येक आकृती आळीपाळीने क्षणभर गायब होई, आणि तीच ती लुकलुक.

माळ्यावरचा जुना डबा अजून चालू स्थितीत असेल, तर या वेळी जोडगोळीच्या माऱ्याने सुरुवात करा आणि साठ्याच्या आकड्यावर नजर ठेवा.